नऊ सामने कमी

बेसबॉलचा एक सामना मी आजवर सलग अर्धा तासही पाहिलेला नाही. तरी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगमधले तीस संघ एका हंगामात कुठल्या तारखेला, कुठल्या शहरात, कुणाशी खेळले हे मला दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जवळजवळ तोंडपाठ होतं. त्या दहा दिवसांत मी जेवढी रडले, तेवढी सासूबाई गेल्या तेव्हाही रडले नव्हते.

सासूबाईंचं आधी सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्या आजारपणापासून सुरू होतं. मी ठाण्याची, वर्तकनगरच्या कॉलनीत वाढलेली. कॉलेजात प्रेमात पडले आणि लग्न करून डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या पलीकडच्या एका गावात आले. आता त्याला गाव म्हणायला टॉवरांच्या मधून वाट काढावी लागते, पण नवऱ्याच्या घरचे सगळे त्याला गावच म्हणतात. पूर्वी शेती होती, आता गोदामं आहेत, भाडं येतं. घर त्यावर चाललं असतं, तरी मी ठाण्याच्या एका कंपनीत बारा वर्षं प्रोग्रामर म्हणून नोकरी केली, कारण मला ती आवडायची. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. सांभाळायला तीन बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही. सहा महिन्यांसाठी म्हणून मी नोकरी सोडली आणि ते सहा महिने सात वर्षं चालले.

त्या सात वर्षांचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं असायचं. आठची गोळी, दहाला मालिश, दोनला कूस बदलणं, रात्री आठला पुन्हा सकाळचीच गोळी. मी ते दर महिन्याला नवीन लिहायचे. एक गोळी चुकली नाही, हे डॉक्टरसुद्धा म्हणाले. सासूबाई गेल्यावर तो कागद मी काढला आणि फ्रिजचं दार एकदम मोठं दिसायला लागलं.

मुलगी शिकायला पुण्यात, नवरा दिवसभर बाहेर. मी वर्षभर ओट्याशी लॅपटॉप ठेवून पायथन शिकले. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि एकीकडे कोड लिहायचा. मग मुलाखती सुरू झाल्या. सगळीकडे एकच प्रश्न, मधली सात वर्षं काय केलंत? मी खरं सांगायचे. समोरच्याचा चेहरा मऊ व्हायचा, आणि चेहरा मऊ झाला की मी ओळखायचे की ही पण गेली. सहानुभूतीवर कुणी नोकरी देत नाही. एका पोराने तर, मुलाखत घेणाऱ्याला पोरगा म्हणू नये पण होताच तो, मला 'ग्रेट, आँटी' म्हटलं. त्या दिवशी घरी येऊन मी दोन कप फोडले आणि धुताना फुटले असं सांगितलं.

एवढं सांगते आहे ते यासाठी, की ठाण्याच्या एका लहानशा कंपनीने मला दहा दिवसांचं चाचणीचं काम दिलं तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते कळावं. हे जमलं तर मी परत माणसांत. नाही जमलं तर यापुढे अर्ज करायची ताकद माझ्यात नव्हती. मी ते कुणाला बोलले नाही, पण मनाशी पक्कं होतं, ही शेवटची.

काम असं होतं. खेळांची माहिती पुरवणारं एक अमेरिकन गिऱ्हाईक होतं. प्रत्येक बेसबॉल संघाचं वेबसाइटवर एक पान, त्यावर गेल्या हंगामाचं वेळापत्रक. अशी तीस पानं पायथनने वाचायची, सगळे सामने एका फाइलमध्ये आणायचे, तारखेप्रमाणे लावायचे. कागदावर शेवटी एक ओळ होती की प्रत्येक संघाचे एकशे बासष्ट सामने भरले पाहिजेत. आणि अट होती की कोड स्वतः लिहायचा, हल्ली सगळे विचारतात तसं कुठल्या एआयला विचारायचं नाही. विचारलं तर आम्हाला कळतं, असं त्यांनी हसत सांगितलं होतं. मी ते हसणं अजिबात हलकं घेतलं नाही.

पहिले तीन दिवस मी हवेत होते. तिथे महिना आधी आणि तारीख नंतर लिहितात हे लगेच पकडलं. एकाच संघाची तीन-तीन नावं होती, ती एक केली. मग आली माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट. प्रत्येक सामना दोन पानांवर येणार, यजमानाच्या आणि पाहुण्याच्या. म्हणजे दोनदा धरला जाणार. तो एकदाच ठेवायला हवा. पण दोन पानांवरच्या वेळा जुळत नव्हत्या, कारण प्रत्येक संघ आपल्या शहराच्या घड्याळाने वेळ लिहीत होता. मी ठरवलं, वेळ भरवशाची नाही, वेळ बघायचीच नाही. तारीख तीच आणि दोन संघ तेच, की सामना तोच. दुसरी ओळ उडवायची. हे लिहून झाल्यावर मी चक्क खुर्चीत मागे रेलून स्वतःची पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी बेरीज मारली. पंधरा संघांचे बरोबर एकशे बासष्ट. बाकी पंधरांमधले बारा संघ एकाने कमी, तीन संघ दोनने. सामन्याला संघ दोन, म्हणजे नऊ सामने कुठेतरी गळाले होते.

नऊच तर आहेत, संध्याकाळपर्यंत सापडतील असं वाटलं. पाचव्या दिवशीही सापडले नाहीत. सहाव्या दिवशी मी अख्खा कोड फेकून नव्याने लिहिला, तरी नऊ कमी. सातव्या दिवशी वही घेतली आणि एका संघाचं पान छापून हाताने मोजलं. एकशे एकसष्ट. आता हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्या पानावर एका तारखेला तोच प्रतिस्पर्धी दोनदा छापलेला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला. अमेरिकेतही कामं अशीच करतात म्हणायची, असं मनात म्हणून मी दुसऱ्या ओळीवर पेनाने काट मारली आणि पुढे मोजत गेले. कोड जी चूक करत होता तीच माझा हात करत होता, आणि मी दोघांची उत्तरं जुळली म्हणून आणखी घाबरले. ओळी उडवणारा भाग मी एकदाही तपासला नाही. तो माझ्या हुशारीचा भाग होता ना.

आणि याच दिवसांत घरामागच्या मैदानात टुर्नामेंट चालू होती.

माझा नवरा गावच्या क्रिकेट कमिटीचा अध्यक्ष. दर जानेवारीत आजूबाजूच्या गावांच्या टीम येतात, टेनिस बॉलने खेळतात, दहा-बारा दिवस नुसता धुरळा. सकाळी आठला भोंगा सुरू होतो आणि उजेड असेतो बंद होत नाही. कोण आलं, कोण राहिलं, कुणाची मॅच कधी, सगळं त्यावर ओरडून सांगतात. अंगणात येऊन पोहे खाणारी माणसं वेगळीच. मी सगळ्या खिडक्या लावून, कानात कापूस घालून बसायचे. वर्तकनगरच्या आमच्या घरात खेळ म्हणजे परीक्षा झाल्यावर करायची गोष्ट होती. पन्नाशीला आलेला माणूस महिना-महिना त्यात घालवतो, फळ्यावर खडूने वेळापत्रक लिहितो, भांडणं मिटवतो, याचा मला वीस वर्षं राग होता. मी बोलून दाखवायचे नाही. चेहऱ्यावर दाखवायचे, आणि त्यात मी तरबेज आहे.

त्याने मला त्या दिवसांत तीनदा विचारलं. पहिल्यांदा पाचव्या दिवशी, जेवताना. काय अडलंय, मला सांग तर. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. दुसऱ्यांदा मी वही घेऊन बसले होते तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. वेळापत्रकच दिसतंय हे, म्हणाला. मी वही मिटली आणि तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा नवव्या दिवशी दुपारी. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, रडून डोळे सुजलेले. तो मैदानावरून पाणी प्यायला आला होता, अंगावर सगळी धूळ. समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मना सांग ना काय झाला. नाय कलला तर नाय कलला, ऐकीन तरी."

मी म्हटलं, "तुझ्या त्या टुर्नामेंटसारखं नाहीये हे. तुला नाही कळायचं."

तो उठला आणि मैदानावर परत गेला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

दहाव्या दिवशी दुपारी बाराला फाइल द्यायची होती. सकाळी सात वाजता मी उठले ते थंड डोक्याने. रडणं संपलं होतं, आणि ते काही चांगलं लक्षण नव्हतं. मी बारा ओळींचा एक नवीन तुकडा लिहिला. ज्या संघांचे सामने कमी आहेत ते घ्यायचे, दोघांनाही सुट्टी आहे असा दिवस शोधायचा आणि तिथे त्यांचा एक सामना टाकायचा. यादीतला पहिला संघ यजमान, वेळ संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं, कारण बहुतेक सामने त्याच वेळेला होते. असे नऊ सामने मी जन्माला घातले. रन केलं. तीसही संघांपुढे एकशे बासष्ट. मी त्या आकड्यांकडे बघत राहिले आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. अडीच हजारांच्या आसपास ओळींमध्ये नऊ कोण बघतंय, असं मी स्वतःला समजावलं आणि फाइल पाठवली.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. मी मोरपिशी साडी नेसले, मग ती फार वाटली म्हणून साधा कुर्ता घातला. ठाण्याच्या त्या ऑफिसात एसीची थंडी होती आणि समोर एक तिशीचा मुलगा, अगदी नम्र, मॅडम-मॅडम करणारा. त्याने आधी कोडची स्तुती केली. तारखा छान हाताळल्यात, नावं छान जुळवलीत, कोड वाचायला सोपा आहे. मग तो म्हणाला की आमच्याकडे याची पक्की यादी आहे, तिच्याशी तुमची जुळवली. तुमच्यात नऊ सामने नाहीत आणि नऊ जास्तीचे आहेत. हे नऊ कुठून आले?

मी म्हटलं, साइटवरून आले असतील.

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझाच कोड. तेच बारा ओळींचं पिल्लू. त्याला हे आधीच दिसलेलं होतं, तो फक्त मला खरं बोलायची संधी देत होता, आणि ती मी दवडली होती.

"मी घातले," मी म्हटलं. "बेरीज जुळत नव्हती."

तो मुलगा चांगला होता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. टेबलाकडे बघत म्हणाला, "मॅडम, कमी पडले असते तरी चाललं असतं. बाकीच्यांना तर कमी आहेत हेही कळलं नाही. नऊ कमी आहेत, का ते मला कळत नाही, एवढी एक ओळ लिहून दिली असतीत तरी मी तुम्हाला घेतलं असतं."

खरे नऊ कुठले ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पाण्याचा ग्लास संपवला, थँक्यू म्हटलं आणि उठले. बाहेर पडल्यावर कुठे जायचं ते सुचेना. वर्तकनगरला आईकडे जावं असं एकदा मनात आलं, पण आईने विचारलं असतं. सात वर्षं सासूबाईंना उचलून-उचलून माझी कंबर गेली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर दुखायला लागली. घरी कशी आले ते आठवत नाही. डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसले आणि मानपाड्याला उतरले, एवढं आठवतं.

दुपारचे अडीच वाजले होते. घराकडे जाणारा रस्ता मैदानाच्या कडेने जातो. शेवटचा दिवस होता, मंडप भरलेला, भोंगा चालू. मंडपाच्या खांबाला फळा टेकवलेला होता आणि खाली खडू पडलेला. नवरा जवळच कुणाशी तरी बोलत होता. मला कुणाशी बोलायचं नव्हतं, पण कंबर उभं राहू देत नव्हती म्हणून मी तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर फळा. त्याच्या गोल अक्षरात दिवसभराचे सामने लिहिलेले. तिसऱ्या ओळीत दोन गावांची नावं, आणि सहाव्या ओळीत पुन्हा तीच दोन गावं.

लिहिताना चुकला, मला वाटलं. दहा दिवस मी दुसरं केलंच काय होतं? मी उठले आणि सहावी ओळ तळहाताने पुसली.

मंडपातून दोघं-तिघं एकदम ओरडले. नवरा धावत आला. "पुसू नको ग," म्हणाला, आणि खडू उचलून ती ओळ पुन्हा लिहायला लागला. मी म्हटलं, दोनदा लिहिलंयस तू. तो लिहिता-लिहिताच म्हणाला, "दोनदाच हाय. यांच्या मॅच दोन, एक परवाची, एक आजची. परवा त्यांच्या गावान हलद होती, आख्खी टीम नाचत बसली. ती मॅच र्‍हायली. मंग आज आलेत तर दोन्ही खेलून जातील. एक सकाली झाली, एक आता."

"तेच दोघं? एकाच दिवशी?"

"मंग. पुन्ना कवा येतील, आज तर शेवटचा दिवस."

हाताला खडू लागला होता. लग्न झाल्यापासून वीस वर्षं मी आमच्याकडच्या हळदी पाहिल्या आहेत, त्या दिवशी गावात दुसरं काही होत नाही हे मला माहीत आहे. राहिलेली मॅच दुसऱ्या दिवशी जोडून घेतात, हे भोंग्यावरून मी शंभरदा ऐकलं असेल, कानात कापूस नव्हता तेव्हा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आई उठता-बसता म्हणायची. माझ्या तर फ्रिजच्या दारावर सात वर्षं तीच गोळी दिवसातून दोनदा लिहिलेली होती. ती दुसरी ओळ चुकून लिहिली असं मला कधी वाटलं नाही. ती पुसली असती तर सासूबाई कधीच गेल्या असत्या.

मी घरात गेले आणि कपडे न बदलता लॅपटॉप उघडला. माझे ते खोटे नऊ काढले. दुसरी ओळ उडवण्याआधी एका संघाच्या एकाच पानावर, एकाच तारखेला तोच प्रतिस्पर्धी दोनदा आहे का ते पाहायचं, असेल तर एकाला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा असा नंबर द्यायचा. चार ओळी. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. एकशे बासष्ट, तीस वेळा. नऊच्या नऊ. तिथेच होते सगळे, मी रोज माझ्या हाताने पुसत होते.

यावेळी बरं वाटलं नाही. मी टेबलावर डोकं ठेवलं आणि ओरडून रडले. भोंग्यात ऐकू जाणार नव्हतं म्हणून अगदी मोकळ्याने. सात वर्षं मी कुणाला दोष दिला नव्हता, नशिबाला दिला होता. आता दोष द्यायला मीच तेवढी होते.

तो आला तेव्हा पाच वाजून गेले होते. मी काही लपवलं नाही. नोकरी गेली हे सांगितलं, खोटे सामने घातले हे सांगितलं, आणि मग स्क्रीनवर बोट ठेवून त्याला ते खरे नऊ दाखवले. त्याने चष्मा लावून एकेक ओळ वाचली. त्याला त्या शहरांची नावं नीट वाचता येत नव्हती, पण ओळींची जोडी त्याला लगेच दिसली.

"तिकरं हलद नसंल," म्हणाला. "पाऊस परला असंल."

मी मान हलवली. आम्ही दोघं जरा हसलो, म्हणजे तो हसला.

"एवराच होता?"

"एवढंच."

"मंग मना विचारला असतास तर..." तो बोलता-बोलता थांबला. त्याने विचारलं होतं, तीनदा, हे त्याच्या लक्षात आलं असावं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि अंगावरची धूळ झटकत बसला. झटकून झाली तरी झटकत होता.

मी त्या मुलाला मेल केला. नऊ सापडले, कसे सापडले, कुणामुळे सापडले, सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. मी त्याची वाटही पाहिली नाही, असं म्हणायला आवडलं असतं, पण महिनाभर पाहिली.

त्या संध्याकाळी मात्र मेल लिहायच्या आधी मला एक बोलायचं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. बाहेर बक्षीस समारंभासाठी भोंग्यावरून अध्यक्षांना बोलावत होते. तो उठला, दारापर्यंत गेला, चपला घालायला लागला.

"तुला कळलं असतं," मी म्हटलं.

तो वाकलेलाच थांबला. मग हो म्हणाला, आणि गेला.